माळ, मासे आणि मुलाचे डोळे

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईने लिहिलं आहे. मुलगा बावीस वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. अंधारात तो लहानपणापासून चाचपडायचा, पण ‘चष्म्याचा नंबर असेल’ म्हणून दिवस गेले. गेल्या वर्षी रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे आरपी, हा डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा आजार असल्याचं निदान झालं. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही. शेजारी म्हणाले, समोरचा तक्ता वाचता येतो, तेव्हा अपंगत्वाचा दाखलाही मिळणार नाही. मग धाकट्या दिरांनी एक इंग्रजी व्हिडिओ पाठवला: माशाच्या तेलातल्या डीएचए या ओमेगा-३ मेदाम्लापासून डोळ्यात एक पदार्थ तयार होतो आणि तो पेशींना मरू देत नाही. तेव्हापासून दरमहा अडीच हजारांच्या कॅप्सूल चालू आहेत. घर माळकरी, वारी पिढीजात. त्या विचारतात, ‘गरोदरपणी मी मासे-अंडी खाल्ली नाहीत म्हणून हे झालं का? आता माळ उतरवून घरात मासे शिजवावेत का? मुलगा कॅप्सूल नको म्हणतो, त्याची समजूत कशी घालू?’ पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तशा दोन ओळी आहेत: पती त्यांचे सख्खे आतेभाऊ, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीला नणंदेच्या घरी सून म्हणून द्यावं असं सासूबाईंच्या मनात आहे.

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनात असताना पुढचं काही डोक्यात शिरणार नाही. नाही, तुमच्या खाण्यामुळे हे झालेलं नाही. आरपी हा जनुकांमधल्या दोषाचा आजार आहे, आणि त्याला कारण ठरणारी साठ-सत्तरहून जास्त जनुकं आजवर सापडली आहेत. मालवण-रत्नागिरीकडे रोज बांगडा खाणाऱ्या घरांतही तो होतो. मासे भरपूर खाणाऱ्या जपानमध्येही तो आहे, आणि तिथे ‘ईवायएस’ नावाच्या एका जनुकातला दोष हे त्याचं मोठं कारण आहे. तुम्ही बावीस वर्षांपूर्वी ताटात काय वाढून घेतलं नाही, याचा हिशेब आता मांडू नका.

दिरांच्या व्हिडिओवर मात्र जरा थांबू या. त्यातलं शास्त्र खोटं नाही, आणि म्हणूनच त्यातून चुकीचा निष्कर्ष इतक्या सहज निघतो.

डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, प्रकाश टिपणाऱ्या दोन जातीच्या पेशी असतात. अंधुक उजेडात कामाला येतात त्या दंडपेशी, आणि रंग व बारकावे दाखवतात त्या शंकुपेशी. आरपीत बहुधा आधी दंडपेशी जातात, म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते आणि मग नजरेचा घेर आकसत जातो. या पेशींच्या टोकाला मेदाच्या पातळ चकत्यांची चळत असते. त्या चकत्यांतल्या मेदाम्लांमध्ये जवळजवळ निम्मा वाटा डीएचएचा. शरीरात इतरत्र कुठेही हे मेदाम्ल इतक्या दाटीने सापडत नाही. ही चळत सतत खालून वाढते आणि वरून गळते, साधारण दहा दिवसांत सगळी नवी होते. गळलेला भाग मागच्या रंगद्रव्याच्या पेशी गिळतात, रोज, आयुष्यभर. इतका उजेड, इतका प्राणवायू आणि इतका सहज खवट होणारा मेद एका जागी असेल तर तिथे पेशी टिकतातच कशा, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडणारच.

त्याचं एक उत्तर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला निकोलस बाझान यांच्या प्रयोगशाळेत मिळालं. २००४ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की ताण आला की रंगद्रव्याच्या पेशी आपल्याच पडद्यातलं डीएचए सोडवून घेतात आणि एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, मदतीने त्यापासून एक रेणू तयार करतात. त्याला त्यांनी न्यूरोप्रोटेक्टिन डी-वन असं नाव दिलं. हा रेणू पेशीला जगवणारी प्रथिनं वाढवतो, मारणारी कमी करतो. त्याआधी नव्वदच्या दशकात अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांका इथे नोरा रोटस्टाइन यांच्या गटाने बशीत वाढवलेल्या उंदरांच्या पेशींवर पाहिलं होतं की डीएचए नसेल तर प्रकाशपेशी काही दिवसांत स्वतःच मरायला लागतात, आणि ते घातलं तर तग धरतात. दिरांनी जे पाहिलं ते बहुधा यापैकीच काहीतरी असणार.

पण हे सगळं बशीतल्या पेशींबद्दल आहे. तिथे डीएचए नव्हतंच, किंवा तयार रेणू थेट पेशींवर ओतला होता. तुमच्या मुलाच्या डोळ्यात डीएचएचा दुष्काळ आहे, असं गृहीत धरून कॅप्सूल चालू झाल्या. मला ते गृहीतच पटत नाही. शाकाहारी माणसाच्या रक्तात डीएचए मासे खाणाऱ्यापेक्षा कमी असतं हे खरं. रेटिना मात्र या बाबतीत कमालीची चिकट आहे. गिळलेल्या चकत्यांतलं डीएचए रंगद्रव्याच्या पेशी फेकून देत नाहीत, पुन्हा प्रकाशपेशींकडे परत पाठवतात. प्रयोगातल्या उंदरांना एकाहून जास्त पिढ्या ओमेगा-३ शिवाय ठेवलं, तेव्हा कुठे त्यांच्या रेटिनातला साठा ठळकपणे उतरला. आणि तो संरक्षक रेणू गरजेपुरता, ताण आल्यावर, विकरं आणि आजूबाजूच्या पेशींचे निरोप जुळले तरच तयार होतो. गिरणी बंद असेल तर दारात गव्हाची आणखी पोती आणून टाकल्याने पीठ मिळत नाही, तसं हे आहे.

हा केवळ माझा तर्क असता तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. माणसांवर हे करून पाहिलेलं आहे. बोस्टनमध्ये आरपीच्या दोनशेहून जास्त रुग्णांना चार वर्षं पाहिलं. सगळ्यांना अ जीवनसत्त्व, आणि त्यातल्या निम्म्यांना वरून रोज १२०० मिलिग्रॅम डीएचए. २००४ मध्ये निकाल आला: एकूण पाहता डीएचएमुळे आजाराचा वेग कमी झाला नाही. एका उपगटात पहिली दोन वर्षं थोडा फायदा दिसला, आणि कॅप्सूल विकणारे आजही तेवढीच ओळ उचलतात. नंतर डॅलसमध्ये आरपीच्या अशा प्रकारावर चाचणी झाली की ज्यात दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि रुग्णांच्या रक्तात डीएचए खरोखरच कमी आढळलं होतं. वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिग्रॅम, रोज, चार वर्षं. रक्तातलं प्रमाण छान वाढलं. डोळ्याच्या विद्युत चाचणीतली घसरण मात्र थांबली नाही. २०१४ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. जिथे तूट होती आणि ती भरूनही काढली, तिथेही हे झालं, म्हणून माझ्या लेखी ही चाचणी सगळ्यात बोलकी.

व्हिडिओत बहुतेक न आलेली एक बाजू सांगते. डोळ्यातले सगळेच मेद पेशीला जगवत नाहीत. सेरामाइड नावाचा एक मेद वाढला की पेशी मरणाच्या वाटेला लागते. त्याच्यापासूनच पुढे बनणारा एस-वन-पी हा रेणू मात्र बहुधा जगण्याच्या बाजूचा. २००३ मध्ये उषा आणि जयराज आचार्य यांच्या गटाने फळमाश्यांमध्ये सेरामाइड मोडणारा विकर वाढवला आणि मरू घातलेल्या प्रकाशपेशी वाचल्या. २०१० मध्ये इटलीतल्या संशोधकांनी आरपीसारखा आजार असलेल्या उंदरांच्या डोळ्यात सेरामाइड बनूच न देणारं बुरशीजन्य द्रव्य थेंबांतून दिलं. त्यांच्या पेशी जास्त काळ टिकल्या. वाचून कोणालाही वाटेल, मग हेच द्या की. पण ते द्रव्य शरीराची प्रतिकारशक्ती दडपतं. त्याच्याच रचनेवरून घडवलेलं फिंगोलिमॉड हे औषध २०१० पासून अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी मंजूर आहे. पेशींवरच्या ज्या जागा एस-वन-पीचा निरोप झेलतात त्यांवर ते काम करतं, आणि काही रुग्णांच्या रेटिनाच्या मध्यबिंदूलाच सूज आणतं. एका पेशीला जगवणारा निरोप शेजारच्या रक्तवाहिनीला वेगळंच काही सांगतो. ही संशोधनं मोलाची आहेत. उद्या त्यांतून औषध निघू शकेल. पण आज औषधाच्या दुकानातून आणून घशाखाली उतरवण्यासारखं त्यात काही नाही.

आता अपवाद, आणि तो तुम्ही डॉक्टरांपुढे जरूर काढावा. आरपीसारखे दिसणारे मोजके आजार असे आहेत की ज्यांत आहाराने खरंच फरक पडतो. रेफसम आजारात फायटॅनिक आम्ल नावाचा मेद शरीरात साचत जातो. तो येतो मुख्यतः गाई-म्हशींच्या दुधातल्या स्निग्धांशातून, मटणातून आणि काही माशांतून. म्हणजे अशा घरात मासे आणायचे नसतात, उलट साजूक तूप आणि साय बंद करायची असते! मुलाला वास येणं कमी झालंय का, कातडी खवल्यांसारखी कोरडी पडते का, हातापायांना मुंग्या येतात का, ऐकू कमी येतं का, हे विचारा. दुसरा एक आजार अबिटालिपोप्रोटीनेमिया. त्यात मेदाबरोबर अ आणि ई जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत, आणि ती मोठ्या मात्रेत द्यावी लागतात. गायरेट अ‍ॅट्रोफी नावाच्या तिसऱ्यात प्रथिनं मोजून खावी लागतात. तिन्ही दुर्मीळ आहेत. रक्ताच्या तपासणीतून कळतात.

कॅप्सूलच्या डबीवरचं बारीक अक्षरातलं मात्र आजच वाचून काढा. ‘डोळ्यांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत बऱ्याचदा अ आणि ई जीवनसत्त्व घातलेलं असतं. बोस्टनच्याच १९९३ च्या अभ्यासात रोज ४०० युनिट ई घेणाऱ्यांची विद्युत चाचणीतली घसरण जास्त वेगाने होताना दिसली. अ जीवनसत्त्वाचा थोडा फायदा त्यात दिसला होता, पण नंतर जनुकांप्रमाणे रुग्ण वेगळे करून तीच माहिती तपासली तेव्हा तो फायदा टिकला नाही. आणि दोष ‘एबीसीए-४’ जनुकात असेल तर जादा अ जीवनसत्त्व टाळायचंच असतं, कारण त्याच्याच उरलेल्या गाळाने पेशी गुदमरतात. ल्युटीनवाल्या गोळ्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचा मोठा अभ्यास म्हातारपणी मध्यबिंदू झिजतो त्या आजारावर झाला, आरपीवर नाही. त्या अभ्यासातही २०१३ च्या निकालात माशाच्या तेलाने काही साधलं नव्हतं. म्हणून म्हणते, जनुक कळेपर्यंत डोळ्यांच्या नावाने काहीच चालू नको. तुमचा मुलगा कॅप्सूल नको म्हणतो आहे, त्यात मला हट्ट दिसत नाही. त्याला समजावू नका, त्याचं ऐका.

माळेचं काय, हे तुम्ही मला विचारलंत, त्याचा मान ठेवून सांगते. श्रद्धेचा निर्णय तुमचा. शास्त्र तुम्हाला माळ उतरवायला सांगत नाही, इतकंच मी सांगू शकते. कधी डॉक्टरांनी वेगळ्याच कारणासाठी डीएचए लिहून दिलंच तर ते शेवाळापासून काढलेलंही मिळतं. मासेसुद्धा ते स्वतः फारसं बनवत नाहीत, समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाचंच त्यांच्या पोटात साठतं. कॅप्सूलचं वेष्टण जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं, नाही ना, एवढं पाहून घ्या. बऱ्याच माळकरी घरांत ‘शाकाहारी औषध’ म्हणून जे चालतं त्याच्या वेष्टणाकडे कोणाचं लक्ष नसतं. जवसाची चटणी करत असाल तर चवीसाठी जरूर करा. जवसातल्या ओमेगा-३ पासून शरीर डीएचए बनवतं ते अगदी थोडं.

‘औषध नाही’ हे डॉक्टरांचं वाक्य तुम्ही ‘करण्यासारखं काही नाही’ असं ऐकलंत. बहुतेक घरांत ते तसंच ऐकलं जातं, आणि त्यापायी माणसं वर्षानुवर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात फिरकत नाहीत. आरपीच्या बऱ्याच रुग्णांना मध्यबिंदूवर सूज येते. ती ओसीटी, म्हणजे रेटिनाचे थर दाखवणाऱ्या, तपासणीत दिसते आणि थेंबांनी किंवा गोळ्यांनी कमी करता येते. भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू तरुणपणीच होतो, त्याची शस्त्रक्रिया होते. दोन्हींनी नजर उरलीय त्याहून आणखी मंदावते आणि दोष सगळा आरपीच्या माथी जातो. वर्षातून एकदा ओसीटी आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी ठरवूनच टाका. एकदा कानांचीही करा, कारण आरपी आणि बहिरेपण एकत्र येणारा प्रकार असतो. पुण्यात तो रात्री मोटारसायकल चालवत असेल तर ती आजपासून बंद. इथे मी मवाळ शब्द वापरणार नाही. घेर आकसलेल्या माणसाला बाजूने येणारं वाहन दिसत नाही, आणि दिसत नाही हेही कळत नाही.

आणखी एक. अपंगत्वाचा दाखला समोरचा तक्ता वाचता येतो म्हणून मिळणार नाही, असं तुमच्या शेजाऱ्यांनी सांगितलंय ना? २०१६ च्या कायद्यात नजरेचा घेरही मोजतात. तो ४० अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व. तक्त्यावरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा मुलगाही त्यात बसू शकतो. दृष्टिक्षेत्राचा अहवाल घेऊन जिल्हा रुग्णालयात जा. परीक्षेत जादा वेळ, पुढे नोकरीतलं आरक्षण, हे त्या कागदावर अवलंबून आहे. कागद काढणं म्हणजे हार मानणं, असं त्याला वाटेल. वाटू दे, पण काढू दे.

कोणी स्टेम सेलचं इंजेक्शन देतो म्हणून पैसे मागितले तर तिथून उठून या. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये पैसे भरून अशी इंजेक्शनं घेतलेल्या तीन स्त्रियांची नजर गेली. त्यांचा आजार वेगळा होता, पण आमिष हेच. २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आहे.

आता पत्राच्या शेवटच्या दोन ओळी. माझ्या मते तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तिथे आहे. तुम्ही आणि तुमचे पती मामे-आते भावंडं. तुम्हा दोघांना एकाच आजी-आजोबांकडून एकच सदोष जनुक आलं असेल, तर तुम्हा दोघांची नजर धडधाकट राहून मुलाला दोन्हीकडून दोष मिळू शकतो. आपल्यापैकी प्रत्येकाच्या अंगात असे काही दोष निपचित असतात. नात्यात लग्न झालं की ते जोडीने समोर येण्याची शक्यता वाढते. जगभर आरपीचं प्रमाण साधारण चार हजारांत एक धरतात. नागपूरजवळच्या खेड्यांतल्या प्रौढांच्या पाहणीत ते साडेसातशेत एकाच्या आसपास निघालं. आता माशांचा अपराध उतरला म्हणून लग्नाचा अपराध डोक्यावर घेऊ नका. ते लग्न ठरवताना तुम्हाला किती विचारलं गेलं होतं, याचा अंदाज मला आहे.

मुलीच्या बाबतीत मात्र आकडे बोलू द्यावेत. दोष या प्रकारचा असेल आणि मुलीचे डोळे निरोगी निघाले, तर तिच्यात एक सदोष प्रत असण्याची शक्यता तिनात दोन. तुमच्या नणंदेत निम्मी, नणंदेच्या मुलात चौथा हिस्सा. दोघांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळामागे चोवीसात एक वेळा हाच आजार. नात्याबाहेर लग्न केलं तर ही शक्यता कितीतरी पटींनी खाली येते. तिचं लग्न होऊ नये असं यात काहीही नाही, फक्त त्या घरात ठरवायच्या आधी तपासून घ्यावं. मात्र दोष एक्स गुणसूत्रावर असेल तर सगळं गणित बदलतं. मग तो तुमच्याकडून आलेला असेल, मुलीकडे असण्याची शक्यता निम्मी, आणि नवरा कुठलाही असला तरी तिच्या मुलग्यांना धोका राहील.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मुलाची जनुकीय तपासणी, कारण आजार त्याला आहे, आणि दोष नेमका कुठे ते त्याच्याच रक्तात शोधायचं असतं. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद, चेन्नईची शंकर नेत्रालय या संस्थांमध्ये आनुवंशिक रेटिना आजारांचं काम चालतं. पुण्यातले डॉक्टर रक्ताचा नमुना पाठवूनही ती करून देऊ शकतात. वर्षभराच्या कॅप्सूलचे तीस हजार होतात. साधारण तेवढ्यात ती तपासणी होऊन जाते. त्याचा आणखी एक उपयोग: ‘आरपीई-६५’ या एका जनुकासाठी २०१७ पासून अमेरिकेत जनुकीय उपचार मंजूर आहे. किंमत आपल्या कल्पनेपलीकडची आणि रुग्ण थोडे, पण पुढच्या चाचण्यांत कोण बसतो हे जनुकाच्या नावावरून ठरणार. मुलाचा अहवाल आला की तुम्हा दोघांचं रक्त, मग मुलीचं. तेव्हा एकच ठरावीक जागा तपासायची असते, त्यामुळे खर्चही बराच कमी. मुलगी सज्ञान आहे. तपासायचं की नाही हे तिला विचारून, तिच्या होकारानेच. डोळ्यांची साधी तपासणी मात्र तिची याच महिन्यात करून घ्या.

सासूबाईंशी कोणी बोलायचं, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रश्न घरात येणारच. त्या तुमच्या आत्याही आहेत, तेव्हा सून म्हणून बोलण्यापेक्षा भाची म्हणून बोलणं सोपं जाईल. तरी त्या म्हणतील, ‘आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय.’ तेव्हा वाद घालू नका. अहवाल समजावून सांगायला डॉक्टर बोलावतील, त्या दिवशी नणंदेला आणि त्यांना बरोबर न्या, आणि चोवीसातला तो एक डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.